ग्रासकटर पंधरा मिनिटांत बंद पडतो, मेकॅनिक म्हणतो पिस्टन बदला

कातळवासी (राजापूर)
१२ सप्टेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. गणपती झाले, पावसाने जरा उघडीप दिलीय आणि कलमांखाली गवत कमरेला लागलंय. बेणणी आता नाही उरकली तर पुढे सगळं वाळून वणव्याची भीती. नेमका आत्ताच ग्रासकटर दगा देतोय.

मशीन टू-स्ट्रोक (ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं), ४३ सीसी, खांद्याला पट्टा लावून चालवायचं. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा 'ही भंगार, ती भारी' असा भरकटेल. सकाळी दोन-तीन दोऱ्यांत चालू होतं. दहा-पंधरा मिनिटं झकास चालतं. मग आवाज बदलतो आणि बंद. लगेच दोरी ओढली तर ढिम्म. विडी ओढून होईपर्यंत थांबलं की पुन्हा चालू, पुन्हा तेच रडगाणं. दुसऱ्या खेपेला तर आणखी लवकर बंद पडतं.

आतापर्यंत केलेलं: नवीन प्लग, एअर फिल्टर धुतला, टाकीतला फिल्टर बदलला. तालुक्याच्या मेकॅनिकने कार्बोरेटरच नवीन टाकला. फरक शून्य. आता तो म्हणतोय इंजिन गरम होऊन कॉम्प्रेशन (पिस्टनचा दाब) सोडतंय, पिस्टन आणि ब्लॉक बदला. खर्च ऐकून वाटतंय त्यात थोडी भर घालून नवीनच घ्यावं. कोणी ह्यातून गेलंय का?


निवांत_नाना (चिपळूण)
१२ सप्टेंबर, रात्री १०:०५

पेट्रोल. डोळे झाकून सांगतो. फेब्रुवारी २०२३ ला ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, विकायला सुरुवात झाली, आता बहुतेक पंपांवर दुसरं काही मिळत नाही. इथेनॉल पाणी ओढतं, आपल्याकडे हवा कशी आहे ते सांगायला नको. माझा पाण्याचा पंप असाच मेला.


मालवणी_मसालो
१२ सप्टेंबर, रात्री १०:२२

रे बाबा, ह्या मशीनच्या नादाक लागण्यापेक्षा चार बकऱ्यो पाळ. गवत पण जाता आणि दूध पण मिळता. पेट्रोल नको, ऑइल नको.


कातळवासी
१२ सप्टेंबर, रात्री १०:३१

@मालवणी_मसालो, बकऱ्या गवताला तोंड लावायच्या आधी कलमांची कोवळी पालवी फस्त करतात. गेल्या साली लावलेली पन्नास कलमं आहेत, त्यांच्याभोवती कुंपण घालायचं म्हणजे ग्रासकटर परवडला.

@नाना, पेट्रोल ताजं आहे. तरी उद्या बघतो.


स्पार्कप्लग (कोल्हापूर)
१२ सप्टेंबर, रात्री ११:१०

दादा, पिस्टन-ब्लॉकला अजिबात हात लावू नका. आधी एक गोष्ट सांगा, मशीन बंद पडतंय ते कसं? 'बंद पडतं' म्हटल्यावर माझ्याकडे येणारं प्रत्येक मशीन बंदच पडत असतं. ग्रासकटर, पॉवर वीडर, फवारणीपंप, सगळ्यांचं हेच. पण बंद पडण्याच्या तऱ्हा निराळ्या असतात आणि तिथंच निम्मा आजार कळतो.

एक तऱ्हा म्हणजे बटण दाबल्यासारखं चटकन बंद. आवाज चढत नाही, उतरत नाही, धूर नाही. ही करंटची भानगड. प्लगला करंट देणारी कॉइल गरम झाल्यावर आत तुटते आणि गार झाल्यावर परत जुळते. नाहीतर बंद करायच्या बटणाची वायर दांड्यावर घासून उघडी पडलेली असते आणि मशीन डावी-उजवीकडे झुलवताना धातूला टेकते. वायर आधी बघायची, ती फुकटात होते. कॉइल आणि फ्लायव्हील (इंजिनाचं फिरणारं चाक) यांच्यामधलं अंतर ०.३ मिलिमीटरच्या आसपास पाहिजे, जाडसर व्हिजिटिंग कार्ड मधे सरकवून स्क्रू आवळतात.

दुसरी तऱ्हा: बंद पडायच्या आधी आवाज बारीक होऊन वर चढतो, ईंऽऽ करून, आणि मग विझतं. हे उपाशी मरणं. पेट्रोल कमी आणि हवा जास्त झाली की इंजिन आधी पळतं, मग मरतं. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत कुठंतरी वाट अडलीय, नाहीतर कुठून तरी फुकटची हवा आत शिरतेय. क्रँकचं सील गेलं असेल तरी असंच होतं.

तिसरी तऱ्हा म्हणजे घुसमटून मरणं. आवाज जाड होतो, घुर्रर्र, ताकद जाते, धूर वाढतो, गवतात घातलं की बसतं. इथं पेट्रोल जादा तरी होतंय नाहीतर धूर बाहेर पडायला जागा नाही. चोक अर्धवट लागलेला, एअर फिल्टर तेलानं चिंब, नाहीतर सायलेन्सरची जाळी बुजलेली.

उद्या चालवताना कान देऊन ऐका. आणि मशीन विझल्या विझल्या, काही खोलायच्या आधी, एवढं करा. खालचा प्रायमरचा फुगा, चालू करायच्या आधी पेट्रोल ओढायला दाबतो तो, दाबा आणि सोडा. लगेच फुगून वर येतो का चेपलेलाच राहतो, ते सांगा.


अर्चना_ओहायो
१३ सप्टेंबर, पहाटे ५:४८

स्पार्कप्लगदादांनी छान समजावलंय. माझं मशीन वेगळं आहे, ढकलत न्यायचा लॉन मोअर, फोर-स्ट्रोक. पण 'उपाशी मरणं' वाचून ओळख पटली. आमच्याकडे गवत ठरावीक उंचीच्या वर गेलं की गावाची नोटीस दारावर लागते, त्यामुळे मोअर बंद म्हणजे आणीबाणी.

माझा मोअर चोक ओढलेला असेल तरच चालायचा, चोक सोडला की आवाज वरखाली, वरखाली, आणि बंद. हिवाळाभर टाकीत पेट्रोल तसंच राहिलं होतं. त्यात फ्लोटवाला कार्बोरेटर असतो, खाली छोटी वाटी. ती वाटी ज्या बोल्टने लागते त्या बोल्टलाच माझ्या मॉडेलमध्ये बारीक भोकं आहेत, तोच जेट, म्हणजे पेट्रोल येण्याची वाट. भोकात पिवळट चिकट राळ बसली होती. ब्रशमधली एक बारीक तार काढून भोक मोकळं केलं, कार्बोरेटर क्लीनर मारला, झालं.

अजून एक. इथल्या मोअरच्या दांड्याला एक पट्टी असते, ती हाताने धरून ठेवली तरच इंजिन चालतं. सोडली की पातं तीन सेकंदांत थांबलं पाहिजे असा १९८२ पासूनचा नियम आहे. त्या पट्टीची केबल सैल पडली की ब्रेक अर्धवट लागतो आणि मोअर मधेच बंद पडतो. शेजाऱ्यांनी ह्याच कारणासाठी कार्बोरेटर खोलून ठेवला होता! ग्रासकटरला हा प्रकार नसतो ना?


स्पार्कप्लग
१३ सप्टेंबर, सकाळी ७:१५

नसतो ताई. ग्रासकटर कुशीवर, आडवा-तिडवा कसाही चालवायचा असतो, म्हणून फ्लोटची वाटीसुद्धा त्यात चालत नाही, तिरपं केलं की सांडेल. त्यात पातळ पडदा असतो, डायाफ्राम. क्रँककेसमधल्या (पिस्टनखालच्या पेटीतल्या) दाबाच्या हेलकाव्यावर तो पेट्रोल ओढतो. पडदा ताठरला की ओढ संपली. पण दादांचा कार्बोरेटर नवा आहे म्हणतात, म्हणून मी त्याच्या मागे लागलो नाही.


गोंयचो_माड (फोंडा)
१३ सप्टेंबर, सकाळी ८:३०

आमच्या कुळागरात दोन ग्रासकटर आहेत, एक टू-स्ट्रोक, एक फोर-स्ट्रोक. माझा प्रश्न वेगळा. तुमच्या मशीनला गार्ड आहे का? आमच्याकडे कामगार आल्या आल्या पहिला गार्ड काढून फेकतात, जड होतो म्हणून. पात्याऐवजी गवत कापायला नायलॉनची दोरी लावतात ना, ती जास्त लांब झाली की कापणारी छोटी पाती गार्डच्या कडेला असते. गार्ड नसला की दोरी लांबच लांब राहते आणि इंजिनावर भार येतो. त्यात काही जण २.४ मिलिमीटरच्या जागी जाडजूड दोरी लावतात, लवकर झिजत नाही म्हणून. मग मशीन पूर्ण वेग घेत नाही, क्लच घसरतो, सगळं तापतं.


कातळवासी
१३ सप्टेंबर, दुपारी १:२०

गार्ड नाही. गड्याने पहिल्याच आठवड्यात काढला. पडवीत पडलाय कुठेतरी. दगडाच्या ठिकाणी दोरी, बाकी ठिकाणी पातं, असं चालतं आमचं.

आता आजचा अहवाल. मुद्दाम स्वतः चालवलं. साधारण बारा मिनिटांनी आवाज बारीक होत वर गेला, स्पार्कप्लगदादा म्हणाले तसा ईंऽऽ, आणि विझलं. लगेच फुगा दाबला. चेपलेलाच राहिला! बोट काढल्यावरसुद्धा वर येईना, हळूहळू कसाबसा आला. सकाळी चालू करताना हाच फुगा टुणकन वर येत होता.

पेट्रोलही बघितलं. काचेच्या बाटलीत रात्रभर ठेवलं होतं. तळाला थर वगैरे काही नाही.


स्पार्कप्लग
१३ सप्टेंबर, दुपारी १:३२

आलं लक्षात. आता परत चालवा. विझलं की काहीही न करता टाकीचं झाकण सावकाश फिरवा, कान जवळ नेऊन. इंजिन बंद असताना, विडी बाजूला ठेवून.


कातळवासी
१३ सप्टेंबर, संध्याकाळी ५:५०

फुस्स्स्! एवढ्या जोरात की गडी लांबून विचारतो काय झालं. हवा आत खेचली गेली. झाकण परत लावलं, फुगा दोनदा दाबला, पहिल्या दोरीत चालू. थांबायचीसुद्धा गरज लागली नाही.


स्पार्कप्लग
१३ सप्टेंबर, संध्याकाळी ६:१०

सापडलं. टाकीला श्वास नाही. पंधरा किलोच्या तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल गुळगुळ करत अडतं, वरच्या कोपऱ्यात दुसरं भोक पाडलं की धार लागते, तसंच हे. पेट्रोल खर्च होईल तेवढी हवा टाकीत यायला पाहिजे. ती आली नाही की आत पोकळी तयार होते आणि बिचारा कार्बोरेटर कितीही ओढला तरी पेट्रोल येत नाही. तुम्ही विडी ओढेपर्यंत बारीक फटीतून थोडी हवा शिरत होती, म्हणून परत चालू होत होतं. मेकॅनिकला वाटलं गार झाल्यावर चालू होतंय म्हणजे कॉम्प्रेशन. तुमचं इंजिन गार होत नव्हतं, टाकीत हवा भरत होती.

दुसऱ्या खेपेला लवकर का बंद पडायचं, तेही ह्यातच आलं. विडीच्या वेळेत टाकीतली पोकळी अर्धीच भरायची.

आता झाकण उलटं करून बघा. बऱ्याच मशीनमध्ये झाकणाच्या आत रबराची बारीक चोच असते, हवा आत घेते, पेट्रोल बाहेर सोडत नाही. काही मशीनमध्ये झाकण साधं असतं आणि टाकीतून एक वेगळी नळी बाहेर आलेली असते, तिच्या टोकाला छोटा व्हॉल्व्ह. तुमच्याकडे कुठलं?


कातळवासी
१३ सप्टेंबर, रात्री ८:२५

झाकण आतून सपाट आहे. नुसती रबरी वायसर. वेगळी नळीही नाही, टाकीतून दोनच नळ्या येतात, एक कार्बोरेटरला आणि एक प्रायमरकडून परत.

आणि आत्ता ट्यूब पेटली. हे झाकण मूळचं नाहीच. मूळचं गेल्या पावसात बागेत हरवलं, गड्याने बाजारातून 'आटे बसतात' म्हणून हे आणलं. त्यानंतरच हा त्रास. मधे सहा महिने मशीन बंद होतं म्हणून दोन्हीचा संबंध जोडला नाही.


निवांत_नाना
१३ सप्टेंबर, रात्री ८:४०

हात्तिच्या! मग एक मिलिमीटरचं भोक पाडा झाकणाला ड्रिलने आणि मोकळे व्हा. शंभर रुपये कशाला घालवता.


स्पार्कप्लग
१३ सप्टेंबर, रात्री ८:५२

नाना, तुमचा मान राखून सांगतो, हे करू नका. पाण्याच्या पंपाला चालेल, तो एका जागी उभा असतो. ग्रासकटर कुशीवर कलता असतो, तापलेला सायलेन्सर टाकीपासून वीतभर. भोकातून थेंब थेंब पेट्रोल सायलेन्सरवर आणि चालवणाऱ्याच्या मांडीवर. पँट ओली झालेली माणसं माझ्याकडं येतात. पेटलेलं अजून तरी कोणी आलं नाही, पण त्याची वाट कशाला बघायची? मूळ झाकण मागवा. मॉडेल नंबर टाकीच्या मागच्या स्टिकरवर असतो. ऑनलाइन घेताना आटे आणि आतली चोच, दोन्ही फोटोत बघून घ्या.


निवांत_नाना
१३ सप्टेंबर, रात्री ९:००

पटलं. भोक रद्द. पण ई२० चं माझं म्हणणं कायम आहे बरं का.


गोंयचो_माड
१३ सप्टेंबर, रात्री ९:१८

नाना अगदीच चुकीचे नाहीत. आमच्या जुन्या मशीनच्या नळ्या गेल्या दोन वर्षांत मऊ पडून फुगल्या. बोटाला चिकटत होत्या. एक तर टाकीच्या भोकातच तुटली. इथेनॉलला चालणाऱ्या नळ्या घातल्या, मग शांत.


स्पार्कप्लग
१३ सप्टेंबर, रात्री ९:४५

नळ्यांचं खरं आहे. आणि पाण्याचंही अर्धं खरं आहे, पण हवेतल्या दमटपणापेक्षा आपला कॅन जास्त दोषी असतो. झाकण नसलेला कॅन, तोंडाला प्लॅस्टिकची पिशवी, ठेवलाय गोठ्याच्या पागोळीखाली. थोडं पाणी इथेनॉल पोटात घेतं, बाहेरून कळतही नाही. मर्यादेबाहेर गेलं की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन तळाशी बसतं. टाकीतला फिल्टर नेमका तळाशीच पडलेला असतो. म्हणजे इंजिनाला पहिला घोट त्या थराचा. आणि टू-स्ट्रोकमध्ये त्याहून वाईट म्हणजे ऑइल वरच्या पेट्रोलमध्येच राहतं, खालच्या थरात जवळजवळ नसतंच. तो थर ओढला की पिस्टन कोरडा घासला. दादांनी बाटलीत बघितलं ते उत्तम केलं, सगळ्यांनी करा.


कातळवासी
१९ सप्टेंबर, रात्री ९:३०

झाकण आलं. बसवलं. अर्धी टाकी संपेपर्यंत एकदाही बंद पडलं नाही, मधे झाकण उघडून बघितलं, फुस्स नाही.

पण. दाट गवतात घातलं की दम लागतो. आवाज जाड होतो, धूर येतो, रेस सोडून पुन्हा द्यावी लागते. मोकळ्या जागेत ठीक. हे आधीही होत असावं, बंद पडण्याच्या नादात लक्ष गेलं नाही. ही तिसरी तऱ्हा ना?


स्पार्कप्लग
१९ सप्टेंबर, रात्री ९:४१

तीच. ऑइल किती घालता, कुठलं घालता, आणि कोण घालतं?


कातळवासी
१९ सप्टेंबर, रात्री ९:५५

गडी घालतो. एक लिटर पेट्रोलला ऑइलच्या बाटलीची 'दोन झाकणं आणि वर जरा'. ऑइल टू-स्ट्रोकचंच, पण मधे संपलं तेव्हा मोटारसायकलचं घातल्याचं आज कळलं.


स्पार्कप्लग
१९ सप्टेंबर, रात्री १०:२०

'वर जरा' हेच मूळ. औषधाच्या दुकानातून मिलीच्या खुणा असलेली सिरिंज आणा, पाच-दहा रुपयांत मिळते. पुस्तिकेत २५:१ (पंचवीस भाग पेट्रोलला एक भाग ऑइल) लिहिलं असेल तर लिटरला ४० मिली, ४०:१ असेल तर २५ मिली, ५०:१ असेल तर २० मिली. पुस्तिका सांगेल ते. ऑइलच्या डब्यावर जासो (जपानी मानक) एफसी किंवा एफडी लिहिलेलं बघा, त्यात धूर आणि काजळी कमी. मोटारसायकलचं फोर-स्ट्रोक ऑइल जळण्यासाठी केलेलंच नसतं, त्याची राख आणि काजळी आत बसते.

कॅनमध्ये आधी अर्धं पेट्रोल, मग ऑइल, हलवा, मग उरलेलं पेट्रोल, पुन्हा हलवा. थेट टाकीत ऑइल ओतू नका.

आता सायलेन्सर काढा. इंजिन पूर्ण गार झाल्यावर. दोन बोल्ट असतात. धूर बाहेर पडतो त्या तोंडाशी नखाएवढी एक बारीक जाळी असते, ठिणगी अडवणारी. ती बघा. आणि सायलेन्सर निघालाच आहे तर समोरच्या भोकातून पिस्टन दिसेल, टॉर्च मारून फोटो काढा.


अर्चना_ओहायो
२० सप्टेंबर, पहाटे ५:२०

जास्त ऑइल घातलं तर इंजिनाला बरंच ना? वंगण जास्त, झीज कमी. असं मला वाटायचं, म्हणून विचारते.


स्पार्कप्लग
२० सप्टेंबर, सकाळी ७:०५

ताई, सगळ्यांना तेच वाटतं. पण टू-स्ट्रोकमध्ये ऑइल फिरून परत येत नाही, जळून बाहेर जातं. जास्त घातलेलं धड जळतही नाही, काजळी होऊन प्लगवर, पिस्टनच्या डोक्यावर आणि जाळीत बसतं. वर लिटरमागे तेवढं पेट्रोलही कमीच झालं. तुमच्या फोर-स्ट्रोकला मात्र उलटी काळजी. डिपस्टिकच्या वरच्या खुणेपेक्षा जास्त ऑइल भरलं तर ते श्वासाच्या नळीतून एअर फिल्टरमध्ये चढतं आणि पांढरा धूर काढत मशीन घुसमटतं.


कातळवासी
२० सप्टेंबर, दुपारी १२:४०

फोटो टाकलेत. पहिला जाळीचा. जाळी आहे हे ओळखायलाच वेळ लागला, डांबर ओतल्यासारखी काळी कुळकुळीत, मधोमध मोहरी जाईल एवढं एकच भोक शिल्लक. दुसरा फोटो पिस्टनचा.


स्पार्कप्लग
२० सप्टेंबर, दुपारी १:०५

पिस्टनचा फोटो मोठा करून बघितला. बाजूवर ज्या आडव्या बारीक रेषा दिसतायत त्या कारखान्यातल्या घडणीच्या आहेत, अजून शाबूत आहेत. झिजलेला किंवा जॅम झालेला पिस्टन असता तर उभे ओरखडे दिसले असते, ॲल्युमिनियम पुसल्यासारखं झालं असतं. रिंगही चमकतेय. ब्लॉक-पिस्टन बदलायचं काहीएक कारण नाही. मेकॅनिकला हा फोटो दाखवा.

जाळी पकडीत धरून गॅसच्या शेगडीवर लाल होईपर्यंत तापवा, अंगणात, सायलेन्सरपासून आणि पेट्रोलपासून लांब. काजळी जळून राख होते. मग गार करून तारेच्या ब्रशने झटका. फाटली असेल तर नवी घ्या, पण जाळी काढून टाकून चालवू नका. वाळल्या गवतात ठिणगी पडायला वेळ लागत नाही, वणव्याची भीती तुम्हीच वर लिहिलीय.

सायलेन्सर लागतो त्या भोकाच्या कडेची काजळी काढताना चालू करायची दोरी हळू ओढून पिस्टन वर आणा, भोक पिस्टनने झाकलं गेलं पाहिजे, म्हणजे कचरा आत जात नाही. खरवडायला बांबूची काडी घ्या. स्क्रू ड्रायव्हर घेतलात तर पिस्टनला ओरखडा पडलाच समजा. शेवटी मशीन उलटं धरून झटकून घ्या.

आणि पडवीतला गार्ड शोधा!


मालवणी_मसालो
२० सप्टेंबर, दुपारी २:१५

शेगडीर जाळी ठेवशीत तर बायकोक विचारून ठेव. माझ्या भावान प्लग ठेवलेलो, तीन दिवस हॉटेलात जेवलो.


कातळवासी
२३ सप्टेंबर, रात्री ८:५०

जाळी चुलीत तापवली, शेगडीचं धाडस केलं नाही. निम्मी राख तिथेच गळली. आता आरपार दिसतं. गार्ड लावला, सिरिंज आणली, पुस्तिका शोधून काढली. आमच्या मशीनला २५:१ आहे, म्हणजे ४० मिली. गडी ओतायचा ते मोजलं तर ७० च्या पुढे जात होतं.

आज वरची बाग पूर्ण झाली. दाट गवतात आवाज एकसारखा राहतो, धूर नावालाच. गार्डने दोरी आपोआप कापली जाते त्यामुळे गडीसुद्धा कुरकुर न करता मान्य झाला, हात कमी भरून येतात म्हणाला. कलमांच्या बुंध्याशी मात्र दोरी अजिबात लावू देत नाही, साल सोलून निघते आणि कलम बसतं. तिथे वीतभर जागा कोयत्यानेच.

मेकॅनिकला फोटो दाखवला. 'असेल, असेल' म्हणाला. जुना कार्बोरेटर परत मागून आणलाय.


गोंयचो_माड
२३ सप्टेंबर, रात्री ९:०५

जुना कार्बोरेटर टाकू नका. डायाफ्राम आणि गास्केटचा किट स्वस्तात मिळतो, तो घातला की वेळेला उभा राहतो.


कोरडवाहू (सिन्नर)
२३ सप्टेंबर, रात्री १०:४०

पूर्ण धागा वाचला, मस्त. माझा पॉवर वीडर (तण काढायचं मशीन) फोर-स्ट्रोक आहे, तोही असाच बंद पडतो, पण फक्त चढावर. सपाटीला काही त्रास नाही. झाकण सैल करून बघितलं, फरक नाही.


स्पार्कप्लग
२३ सप्टेंबर, रात्री १०:५५

ऑइल तपासा पहिलं. काही फोर-स्ट्रोक इंजिनांत ऑइल कमी झालं की स्वतःहून बंद करणारा सेन्सर असतो. ऑइल थोडं कमी असेल तर सपाटीला तो गप्प राहतो, चढावर मशीन तिरपं झालं की ऑइल एका बाजूला जातं आणि तो करंट तोडतो. वीडर सपाट जागी ठेवून, डिपस्टिक पुसून बघा. बरोबर असेल तर टाकीच्या तळाची गाळणी आणि फ्लोटच्या वाटीतला गाळ बघू. बंद पडताना आवाज कसा येतो तेही लिहा.


कोरडवाहू
२४ सप्टेंबर, सकाळी ८:१०

आवाज काहीच नाही, चटकन बंद. डिपस्टिकच्या खालच्या खुणेलाही ऑइल टेकत नव्हतं. तालुक्याला जातोय आणायला, १०डब्ल्यू-३० ग्रेडचं चालेल ना?


स्पार्कप्लग
२४ सप्टेंबर, सकाळी ८:१४

बहुतेकांना तेच लागतं, तरी पुस्तिका बघून घ्या. वरच्या खुणेपर्यंतच भरा. आणि आधीचं गेलं कुठं ते बघा, खालच्या नटाला ओल आहे का.